‘दूध बाधतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

“मला दूध बाधतं” असं दोघंजण सांगतात. एकाचं पोट तासाभराने गुडगुडतं, फुगतं, जुलाब होतात. दुसऱ्याचे ओठ दोन घोटांतच सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळल्यासारखा होतो. शब्द एकच, पण पहिल्याला दूध पचत नाही आणि दुसऱ्याला दुधाची ॲलर्जी आहे.

न पचण्याचं कारण साधं आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहान आतड्यात कमी पडतं. साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांमध्ये लहानपणानंतर हे एन्झाइम कमी होत जातं, त्यामुळे याला आजार म्हणणंही मला पटत नाही. इथे प्रश्न प्रमाणाचा असतो. एका वेळी कपभर दूध, त्यातही जेवणासोबत, यातल्या बहुतेकांना फारसा त्रास देत नाही.

ॲलर्जीत साखरेचा काही संबंध नाही. रोगप्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. आयजीई नावाची प्रतिपिंडं पेशींना इशारा देतात, हिस्टमिन हे रसायन बाहेर पडतं आणि बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत लक्षणं दिसतात. त्याला चमचाभरही पुरतं. म्हणूनच लॅक्टोजमुक्त दूध पहिल्याला सुखाचं, तर दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकणारं. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात.

मोठ्या माणसांत अन्नाची ॲलर्जी किती आढळते? अमेरिकेत ४० हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याला अन्नाची ॲलर्जी आहे असं जवळपास १९ टक्के लोकांनी सांगितलं. लक्षणं तपासून पाहिल्यावर खऱ्या ॲलर्जीशी जुळणारे १०.८ टक्केच निघाले. हा आकडाही लोकांनी सांगितलेल्या लक्षणांवरचा आहे. प्रत्येकाला डॉक्टरांसमोर खायला देऊन खात्री केली असती, तर तो आणखी खाली आला असता असं मला वाटतं.

पण यावरून ‘बाकीचे उगाच नखरे करतात’ असं कोणी म्हणू नये. त्यांच्या पोटात दुखतं ते खरंच असतं, फक्त त्याला दिलेलं नाव चुकतं. शिवाय दहात एक हे प्रमाण लहान नाही.

त्याच पाहणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ॲलर्जी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना किमान एक ॲलर्जी मोठेपणी, प्रौढ झाल्यावर सुरू झाली होती. कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचवाल्या जलचरांची ॲलर्जी सर्वांत जास्त, २.९ टक्के, मग दूध आणि शेंगदाणे. तेव्हा “इतकी वर्षं खातोय, आताच कसं होईल?” या बोलण्यावर विसंबू नका. आणि ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणून सोडून देऊ नका. त्या ‘पित्ताचा’ पित्ताशी संबंध नसतो, त्या गांधी हिस्टमिनमुळे येतात.

तपासणीतही गफलत होते. त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही. शंभरेक पदार्थांची यादी देणाऱ्या, आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्यांवर तर पैसे घालवूच नका. आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध आयजीजी सापडणं स्वाभाविक आहे. डॉक्टरांना खरा उपयोग होतो तो तुमच्या नोंदीचा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं, दर वेळी होतं का, त्याआधी व्यायाम, दारू किंवा वेदनाशामक गोळी झाली होती का, हे लिहून न्या.

पोटाचा त्रास असेल तर प्रमाण कमी करून बघता येतं. खाल्ल्यावर घसा आवळला, श्वास अडकला किंवा चक्कर आली तर मात्र ॲलर्जीची गोळी घेऊन वाट बघू नका. तिथे लागतं ते मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. पाहणीतल्या ॲलर्जी असलेल्यांपैकी ते लिहून दिलेलं होतं जेमतेम चौघांत एकाला.