खर्चाचे पाकीट आणि तरतुदीचे पाकीट

आमच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी त्यात अकरा पाकिटे भरली जातात. बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात: तपकिरी कागद, वर पेन्सिलीने लिहिलेले नाव आणि नावाखाली रक्कम. पाकीट पद्धतीने घरखर्च चालवायला निघालेल्या पुष्कळांची गाडी अडते ती याच सारखेपणापाशी. त्या अकरांतली सात पाकिटे खर्चाची आहेत आणि चार तरतुदीची. दोन्हींना एकच नियम लावला, तर सगळा डबा दोन-तीन महिन्यांत विस्कटतो.

खर्चाचे पाकीट म्हणजे मर्यादा. भाजीपाला, दूध, किरकोळ किराणा, रिक्षा-पेट्रोल, बाहेरचे खाणे असे जे खर्च दर महिन्याला होतातच, पण ज्यांची रक्कम आपल्या हातावर अवलंबून असते, त्यांच्यासाठी ते असते. आमचे भाजीचे पाकीट ३,००० रुपयांचे आहे. नाशिकला गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो आणि आमची मोठी खरेदी तिथे होते, म्हणून या पाकिटाचा आठवडाही बुधवार ते मंगळवार असा धरला आहे. सुरुवातीला आम्ही ३,००० चे चार सारखे भाग करून ७५० काढत असू आणि महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस हमखास कोरडे जात, कारण चार आठवड्यांचे दिवस अठ्ठावीसच भरतात. आता दिवसाला १०० या हिशेबाने आठवड्याला ७०० काढतो आणि उरलेले २०० पाकिटाच्या तळाशी घडी घालून ठेवतो. पाकिटात दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्याच नोटा असाव्यात हेही अनुभवाने कळले. पाचशेची नोट एकदा मोडली की उरलेले सुटे पाकिटात परत येण्याऐवजी खिशातच विरघळतात. महिनाअखेर हे पाकीट रिकामे झाले, तर त्यात काहीही बिघडलेले नसते.

तरतुदीचे पाकीट नेमके उलटे वागते. ते भरत जाण्यासाठी असते आणि ठरलेल्या दिवसाआधी रिकामे झाले, तर तो धोक्याचा इशारा असतो. वर्षाचे गहू, डाळी आणि तिखट-मसाला, गाडीचा विमा, जूनमधली शाळेची फी आणि दिवाळी ही आमची चार. या खर्चांची तारीख आधीच ठाऊक असते, रक्कमही साधारण ठाऊक असते, फक्त ते दर महिन्याला येत नाहीत, आणि म्हणूनच ते आले की ‘अचानक आले’ असे वाटते. वास्तविक वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरायचे असते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

येथे भागाकाराची एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. समजा धान्य-मसाल्याला २४,००० रुपये लागतात आणि ते एप्रिलच्या सुरुवातीला हवे आहेत. पाकीट जूनमध्ये सुरू केले, तर बाराने भागून महिन्याला २,००० टाकणे पुरत नाही, कारण जून ते मार्च दहाच महिने हातात आहेत आणि हप्ता २,४०० चा बसतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला भरायच्या १,८०० रुपयांच्या विम्यासाठी तर जून, जुलै, ऑगस्ट असे तीनच महिने मिळतात, म्हणजे महिन्याला ६०० बाजूला पडतात, आणि तोच विमा पुढच्या वर्षापासून १५० वर येतो. पहिले वर्ष जड जाते ते याच कारणाने. ‘ही पद्धत आम्हांला झेपली नाही’ असे सांगणारे बहुधा या पहिल्या वर्षातच थांबलेले असतात.

आमची फजिती याच विम्याच्या पाकिटाने केली. श्रावणात पाहुण्यांची ये-जा वाढली, भाजीचे पाकीट लवकर संपले आणि हाताशी दुसरे भरलेले पाकीट दिसले म्हणून त्यातून सातशे रुपये काढले. कपड्यांच्या पाकिटातून भाजीच्या पाकिटात पैसे वळवणे हा घरातल्या घरातला फेरफार आहे, त्यात फक्त एका हौसेची जागा दुसरी गरज घेते. विम्याच्या पाकिटातले पैसे मात्र मनाने खर्च झालेलेच असतात, तारीख तेवढी पुढची असते. परिणामी विम्याचा हप्ता आठवडाभर लांबला आणि तोवर स्कूटर जिन्याखाली झाकून उभी होती. तेव्हापासून तरतुदीच्या पाकिटांना आमच्याकडे स्टेपलरची पिन मारलेली असते. पिन काढायला दहा सेकंदही लागत नाहीत, पण तेवढ्या वेळात विचार होतो.

महिनाअखेरच्या शिलकीचा अर्थही दोन्हींत वेगळा आहे. भाजीच्या पाकिटात १८० उरले, तर ते मी पुढच्या महिन्याच्या भाजीत मिसळत नाही, नाहीतर मर्यादा नकळत सैल होते. सर्वांत जवळची तारीख ज्या तरतुदीची असेल तिच्यात ते जातात. सलग तीन महिने शिल्लक पडली, तर मर्यादाच जास्त ठेवली होती असे समजून ती कमी करावी. तरतुदीत उरलेले पैसे मात्र त्याच पाकिटात राहतात आणि पुढचा हप्ता तेवढा हलका होतो. आजारपणासाठीचे पैसे या दोन्हींत बसत नाहीत, कारण तिथे तारीखही ठाऊक नसते आणि रक्कमही. ते बँकेतच बरे.

रोकड घरात किती ठेवावी, या प्रश्नाचे उत्तरही या फरकातच आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, म्हणून आमच्या गावाला नोटांचे अप्रूप कमी असेल, पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या तेव्हा इथल्या डब्यांनाही तोच धक्का बसला. दिवाळी ३० ऑक्टोबरलाच होऊन गेल्याने ते पाकीट रिकामे होते, अडकले ते धान्याचे आणि फीचे. खर्चाचे पाकीट रोखच असावे, नोट हातातून जाताना जी जाणीव होते तीच त्याची ताकद आहे. महिनोन्‌महिने साठणाऱ्या तरतुदीला तशा जाणिवेची गरज नसते, तिला बँकेतले आवर्ती ठेव खाते अधिक शोभते. अशा पाकिटात आम्ही आता नोटांऐवजी भरलेल्या हप्त्याची नोंद केलेली चिठ्ठी ठेवतो.

भाजीवालाही आता क्यूआर कोड पुढे करतो, तेव्हा खर्चाच्या पाकिटाला मोबाइलमधला पर्याय लागतो. यूपीआय लाइट म्हणजे छोट्या खर्चांसाठी आधी पैसे भरून ठेवायचे मोबाइलमधले पाकीट. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि एका व्यवहारात १,००० पर्यंतच जातात. शिल्लक संपत आली की बँक खात्यातून त्यात आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवली, तर ते जवळजवळ खरे पाकीट होते. ती चालू ठेवली, तर तळ नसलेले पाकीट होते.

यंदा डब्यात बारावे पाकीट आले आहे, ‘सिंहस्थ’ या नावाचे. मागचा सिंहस्थ २०१५ चा होता आणि गावाकडच्या पाहुण्यांनी आमच्या दोन खोल्या कशा भरल्या होत्या हे आठवणीत आहे. २०२७ च्या पावसाळ्यात ते पुन्हा येणार, हे धरून महिन्याला ५०० टाकायला सुरुवात केली आहे. पाहुणे उंबऱ्यात आले की त्या दिवसापासून हेच पाकीट खर्चाचे होईल, त्याची पिन निघेल, आठवड्याचे भाग पडतील आणि वरचे नाव खोडून तिथे ‘दूध-भाजी, पाहुणे’ असे लिहावे लागेल. दिवाळीच्या पाकिटाचे वसुबारसेला दरवर्षी हेच होते: तोवर त्याला हात लावायचा नसतो आणि त्या दिवशी ते फराळ, कपडे आणि ओवाळणी अशा तीन लहान पाकिटांत वाटून टाकायचे असते.