सहभागी निरीक्षण

सहभागी निरीक्षण ही सांस्कृतिक मानवशास्त्रातली प्रमुख संशोधनपद्धती आहे. ज्या समाजाचा अभ्यास करायचा त्याच्यात संशोधक दीर्घकाळ राहतो, तिथली भाषा शिकतो, कामधंद्यात, सणावारांत, मयतीला आणि भांडणतंट्यांत जमेल तसा सामील होतो, आणि पाहिले-ऐकलेले लिहून ठेवतो. मुक्काम शक्यतो वर्षभराचा असावा असा संकेत आहे. शेतीवर जगणाऱ्या गावाचे पेरणीपासून सुगीपर्यंतचे चक्र तेव्हाच एकदा पुरते पाहायला मिळते. प्रश्नावलीतून लोक काय सांगतात ते कळते. शेजारी राहिले की ते काय करतात हेही दिसते, आणि या दोहोंतली तफावत हाच पुष्कळदा अभ्यासाचा खरा विषय ठरतो.

एकोणिसाव्या शतकातले बहुतेक मानवशास्त्रज्ञ मिशनरी, अंमलदार आणि प्रवासी यांनी पाठवलेल्या माहितीवर घरबसल्या ग्रंथ लिहीत. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांत १८७९ पासून काही वर्षे राहिलेला फ्रँक कुशिंग हा अपवादच. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश संशोधक रिव्हर्सने निलगिरीतल्या तोडा आदिवासींमध्ये जाऊन काम केले, पण दुभाष्यांच्या मदतीने. पद्धतीला आजचे रूप दिले ते ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्कीने. हा पोलिश संशोधक ऑस्ट्रियाचा प्रजाजन होता आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक असूनही त्याला ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या पापुआत काम करू दिले गेले. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपा करून त्याने न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रियांड बेटांवर सुमारे दोन वर्षे काढली. ओमाराकाना गावात, घरांच्या मध्येच, त्याचा तंबू होता.

तिथे त्याने ‘कुला’ नावाचा देवघेवीचा व्यवहार उलगडला. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पांढऱ्या शंखाची कडी उलट दिशेने. वस्तू कोणी कायमची ठेवून घेत नाही. काही काळ मिरवायची आणि पुढच्या भागीदाराला द्यायची. यात उतरलेल्या प्रत्येकाला आपले भागीदार आणि आपली देणीघेणी चोख ठाऊक, पण अख्ख्या वर्तुळाचा नकाशा कोणाच्याच डोक्यात नव्हता. तो मालिनोव्हस्कीने तुकड्यातुकड्यांतून जुळवला आणि १९२२ च्या ग्रंथात मांडला.

प्रत्यक्ष काम बरेच रटाळ असते. घरांचा नकाशा, कुटुंबांची मोजदाद, वंशावळी, मग रोजची टिपणे. लोकांसमोर वही काढणे दर वेळी शोभत नाही, म्हणून दोन शब्द खरडून ठेवायचे आणि त्याच रात्री सविस्तर लिहायचे. दुसऱ्या दिवसावर ढकलले की बोलण्यातले बारकावे गळतात. मनातली चिडचिड वेगळ्या रोजनिशीत जाते. मालिनोव्हस्कीची अशी रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, प्रसिद्ध झाली. तिच्यात बेटवासीयांबद्दलचा तिटकारा उघडपणे लिहिलेला आढळला, आणि एकरूप होण्याच्या गप्पांना चांगलाच तडा गेला.

पाठ्यपुस्तके ‘किती सहभाग आणि किती अलिप्तता’ यावर पाने खर्च करतात. संशोधकाची जागा बरीचशी गावच ठरवते, हे मात्र त्यांत दबून राहते. म्हैसूरजवळच्या एका गावात (त्याला त्यांनी ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिले) समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये राहिले. गावाने त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवले आणि ब्राह्मणाने वागावे तसे त्यांनी वागावे अशी अपेक्षा धरली. आंघोळीनंतर दाढी करणेसुद्धा पाटलाला खटकले, कारण दाढी आधी आणि आंघोळ नंतर हा शिरस्ता. दलित वस्ती आणि बायकांचे जग यांपर्यंत त्यांचा हात फारसा पोचला नाही, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

जागा बदलली की काय दिसते, याचे ठळक उदाहरण पुन्हा ट्रोब्रियांडचेच. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ अ‍ॅनेट वायनर १९७१ मध्ये तिथे गेल्या, तेव्हा गावातल्या पहिल्याच दिवशी बायका त्यांना एका मृत्युविधीला घेऊन गेल्या. वाळलेल्या केळीच्या पानांच्या जुड्यांचे ढीगच्या ढीग बायका वाटत होत्या. या जुड्या म्हणजे बायकांची संपत्ती, आणि त्या जमवायला पुरुषांनाही आपला माल खर्चावा लागतो. तंबू गावाच्या मध्यभागी असूनही मालिनोव्हस्कीने या व्यवहाराला महत्त्व दिले नव्हते.

मराठीत इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख या संदर्भात वाचावा. पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर चालल्या. अभंग एकत्र, चाल एकत्र, पण ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या, हे त्यांनी पाहिले आणि त्याची सल लपवली नाही. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सर्वांना पाठ असते. पंगतीचा भाग उद्धृत करणारे कमी.

एका माणसाने एकदाच पाहिलेले दुसऱ्याला जसेच्या तसे पडताळता येत नाही, हा पद्धतीवरचा जुना आक्षेप आहे आणि तो खोडता येत नाही. अलीकडे विद्यापीठे लोकांची आगाऊ संमती मागतात आणि नावे बदलायला लावतात, मात्र छोट्या गावात टोपणनावामागचा माणूस गावकरी लगेच ओळखतात.

श्रीनिवास यांच्या बाबतीत पडताळणीचा प्रश्न आणखीच गुंतला. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड येथे लावलेल्या आगीत त्यांनी वर्षानुवर्षे जुळवून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. सहकारी सोल टॅक्स यांनी आठवणीतून लिहा असे सुचवले आणि १९७६ मध्ये ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ प्रसिद्ध झाले. टिपणवहीशिवाय लिहिलेले हे पुस्तक शास्त्र की आठवणी, यावर अभ्यासकांत वाद झाला; वर्गात मात्र ते आजही क्षेत्रकार्याचा नमुना म्हणून वाचायला देतात.