‘किंग लिअर’: १६०८चा आणि १६२३चा

‘फोलिओ अस्सल, क्वार्टो चोरून छापलेला’ हे शेक्सपिअरच्या जुन्या छापील प्रतींबद्दलचं वाक्य इंग्रजी साहित्याच्या गाइडांमधून वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलं जातं. शेक्सपिअरच्या काही नाटकांपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. ‘किंग लिअर’ला मात्र ते लावलं, की या नाटकाचे दोन वेगवेगळे शेवट आहेत हेच वाचकाच्या लक्षात येत नाही.

गोष्ट सांगत बसत नाही. म्हातारा राजा, तीन मुली, वादळ हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळे तर ते दुःखही ओळखीचं आहे. क्वार्टो आणि फोलिओ ही नावं कागदाच्या घडीवरून आलेली. छापील ताव एकदा दुमडला तर फोलिओ, दोनदा दुमडला तर क्वार्टो. मजकूर चांगला की वाईट, हे घडीवरून ठरत नाही.

१६०८चा क्वार्टो लंडनमध्ये निकोलस ओक्सने नॅथॅनियल बटरसाठी छापला. छपाई गचाळच आहे. पद्याच्या ओळी गद्यासारख्या जुळवल्यात. छापता छापताच चुका दुरुस्त केल्या आणि आधीचे व नंतरचे ताव एकत्रच बांधले, त्यामुळे आज उरलेल्या १२ प्रतींतही जागोजागी फरक सापडतात. पण जुळाऱ्याने चुका केल्या म्हणून मजकूर बनावट ठरत नाही. फोलिओ आला १६२३मध्ये, शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर. हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्याच नाटकमंडळीतल्या दोघांनी ३६ नाटकं एकत्र केली. त्यातल्या ‘लिअर’मध्ये क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी नाहीत आणि क्वार्टोत नसलेल्या सुमारे १०० ओळी आहेत. बारीकसारीक शब्दांचे फरक शेकड्यांनी आहेत. परीक्षेला ते पाठ करण्यात काही अर्थ नाही.

खरी गफलत होते ती लिअरच्या मृत्यूपाशी.

दोन्हीकडे तो धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, प्रेत घेऊन येतो, ती आता कधीच परत येणार नाही असं म्हणतो आणि बटण सोडायला सांगतो. क्वार्टोत ‘कधीच नाही’ तीनदा येतं. बटण सोडणाऱ्याचे आभार मानून तो नुसता कण्हतो. ग्लॉस्टर या सरदाराचा मुलगा एडगर तिथे असतो. त्याला वाटतं राजाला घेरी आली. तेवढ्यात लिअर स्वतःच आपल्या काळजाला फुटून जायला सांगतो. ही त्याची शेवटची ओळ. इथला लिअर मुलगी मेली आहे हे पुरतं जाणून मरतो, आणि मरण त्याला हवं असतं.

फोलिओत ‘कधीच नाही’ पाचदा येतं, सगळी ओळ त्यानेच भरते. बटणानंतर कण्हणं नाही. तिथे क्वार्टोत अजिबात नसलेल्या दोन ओळी येतात: हे दिसतंय का तुम्हाला, तिच्याकडे बघा, तिचे ओठ बघा, तिथे बघा. एवढं बोलून तो मरतो, आणि तशी रंगसूचनाही तिथेच छापली आहे. काळीज फुटण्याची ओळ आता केंटच्या तोंडी गेली आहे. म्हणजे ज्या ओळीत राजा स्वतःसाठी मरण मागत होता, त्याच ओळीत आता त्याचा जुना सेवक, बघवत नाही म्हणून, कळवळून बोलतो. राजाची नजर शेवटपर्यंत मुलीच्या ओठांवर आहे. त्याला श्वास दिसला की भास झाला, हे नाटक सांगत नाही.

समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४मध्ये मांडलेलं मत, की कॉर्डेलिया जिवंत आहे अशा समजुतीच्या असह्य आनंदात लिअर मरतो, हे याच दोन ओळींवर उभं आहे. क्वार्टो हातात घेऊन ते सिद्ध करता येत नाही. उत्तरपत्रिकेत ब्रॅडली आणि क्वार्टोतला राजाचा आक्रोश एकाच परिच्छेदात आले, तर दोन्ही मुद्दे एकमेकांना खोडतात.

नाटकाचं अगदी शेवटचं भाषण क्वार्टोत राजाचा जावई ऑल्बनी याचं आहे, फोलिओत एडगरचं. पुढे राज्य कोण सांभाळणार याचं उत्तर त्यामुळे बदलतं.

आता तुमच्याकडची प्रत. बाजारातल्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये दोन्ही मजकूर एकत्र केलेले असतात. ही पद्धत अठराव्या शतकातल्या संपादकांपासूनची. ओळखायचं असेल तर तिसऱ्या अंकात तीन जागा बघा. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी विदूषकाने दंतकथेतल्या मर्लिन जादूगाराचं नाव घेऊन केलेलं भाकीत फक्त फोलिओत आहे. सहाव्या प्रवेशात वेडा लिअर स्टुलाला मुलगी समजून खटला चालवतो, ते फक्त क्वार्टोत. सातव्याच्या शेवटी ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर तागाचे धागे आणि अंड्याचा पांढरा बलक लावायला निघालेले नोकर, तेही फक्त क्वार्टोत. तिन्ही सापडलं तर तुमच्या हातात मिश्र प्रत आहे. अशा प्रतीत बहुतेक वेळा मधले प्रसंग क्वार्टोचे आणि मृत्यू फोलिओचा असतो. तिला ‘संपूर्ण लिअर’ म्हणतात हे मला मुळीच पटत नाही. फोलिओत डोळे फोडल्यावर त्या प्रवेशात ग्लॉस्टरच्या मदतीला कोणी येत नाही. तो कोरडेपणा सोसल्यावर ‘तिचे ओठ बघा’ ऐकणं आणि नोकरांची माया बघून झाल्यावर ते ऐकणं, यांत फार अंतर आहे.

हे बदल शेक्सपिअरने स्वतः केले की एकाच मूळ नाटकाच्या या दोन सदोष नकला आहेत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काळीज फुटण्याची ओळ ज्या नेमकेपणाने राजाकडून केंटकडे जाते, ते बघता मी पहिल्या बाजूचा आहे. १९८६च्या ऑक्सफर्ड समग्र शेक्सपिअरमध्ये वेल्स आणि टेलर यांनी दोन्ही ‘लिअर’ स्वतंत्र छापले, आणि तेच योग्य होतं. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर आर्डेन मालिकेतली आर. ए. फोक्स यांची १९९७ची आवृत्ती घ्या. मजकूर एकत्रच आहे, पण एकाच प्रतीत असलेल्या भागांना लहान अक्षरात क्यू (क्वार्टो) किंवा एफ (फोलिओ) अशा खुणा आहेत. आधी क्यूच्या ओळी गाळून एकदा सलग वाचा, मग एफच्या गाळून. शेवटचा प्रवेश मात्र दोन्ही वेळा खालच्या टिपांसकट वाचा, कारण कुठली ओळ कुणाच्या तोंडी हा फरक तिथेच नोंदवलेला असतो.