39 चिठ्ठ्या आणि रेड लेकची शाळा

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात शिकायला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात आईने फोनवर विचारलं, तिकडे ते रेड इंडियन असतात का गं अजून? तिला काय बोलणार, मी स्वतः दुसरीत असताना स्नेहसंमेलनात डोक्याला कोंबडीची पिसं बांधून, तोंडावर हात आपटत नाचलेय, फोटो आहे घरी. आता तो फोटो बघवत नाही, कारण इथे वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीची आहे, ती स्टॅटिस्टिक्सच्या वह्या देते मला आणि तिच्या डोक्यावर कधीही पिसं नसतात.

इथून उत्तरेला चार-पाच तासांच्या ड्राइव्हवर रेड लेक नावाचं ओजिब्वे लोकांचं रिझर्वेशन, म्हणजे त्या जमातीचा स्वतःचा प्रदेश आहे. 21 मार्च 2005 ला तिथल्या 16 वर्षांच्या एका मुलाने आधी घरी आजोबांना आणि त्यांच्या जोडीदार बाईंना गोळ्या घातल्या, मग शाळेत जाऊन सात जणांना मारलं आणि शेवटी स्वतःला. एवढी वर्षं झाली तरी इथे कोणी विषय काढला की दुसऱ्याच वाक्याला येतं, "रिझर्वेशनवर असंच असतं." कोलंबाईनच्या शाळेत 1999 मध्ये गोळीबार झाला ते कोलोरॅडोतलं गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी लोकांचं उपनगर होतं, पण गोऱ्या उपनगरात असंच असतं असं म्हणताना मी कोणालाच ऐकलं नाही. हा फरक का पडतो त्याचं उत्तर सायकॉलॉजीकडे आहे आणि ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं की ते इथे जरा सविस्तरच सांगते.

1976 मध्ये हॅमिल्टन आणि गिफर्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एकेक करून 39 वाक्यं दाखवली, प्रत्येकात एक माणूस, त्याचा गट आणि त्याने काय केलं ते, म्हणजे साधारण "अ गटातला अमुक आजारी मित्राला भेटायला दवाखान्यात गेला" अशी. अ गटाची 26 वाक्यं, त्यात 18 चांगली 8 वाईट. ब गटाची 13, त्यात 9 चांगली 4 वाईट. हिशोब करून बघा, चांगल्या-वाईटाचं प्रमाण दोन्ही गटांत अगदी सारखं आहे. पण नंतर कुठलं काम कोणी केलं ते आठवून सांगा म्हटल्यावर लोकांनी जवळजवळ निम्मी वाईट कामं ब गटाच्या नावावर टाकली, खरी होती 12 पैकी फक्त 4! आणि गट कसले तर नुसते अ आणि ब, म्हणजे कोणाचा त्यांच्यावर आधीचा राग असायचं कारणच नव्हतं.

मी घरी वहीची पानं फाडून 39 चिठ्ठ्या केल्या आणि रूममेटला एकेक वाचून दाखवल्या. तीन अंकी गुणाकार तोंडी करणारी मुलगी ती, तरी शेवटी म्हणाली की ब वाले जरा डेंजर वाटतात. दोघींनी मिळून चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा कुठे तिला पटलं.

कारण काय, तर ब गट क्वचित दिसतो, वाईट कामही क्वचित दिसतं, आणि दोन क्वचित गोष्टी एकत्र आल्या की लक्ष तिथेच खिळतं आणि ती जोडी डोक्यात पक्की बसते. काही संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे, मला तर ते जास्तच पटतं, की लहान गटाची चांगली बाजू शिकायला पुरेशा चिठ्ठ्याच आपल्या हाताला लागत नाहीत. अमेरिकेत अगदी तेच झालंय, इथल्या राज्यांच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमांची 2015 मध्ये छाननी झाली तेव्हा मूळ रहिवाशांबद्दलचा जवळपास 87 टक्के मजकूर 1900 च्या आधीचा निघाला, म्हणजे आजची ओजिब्वे डॉक्टर, शिक्षक, नर्स ही चिठ्ठी मुलांना मिळतच नाही, मिळते ती कुऱ्हाड घेतलेल्या योद्ध्याची आणि मग एकदम टीव्हीवर रेड लेकची. आपल्याकडे पारध्यांचं वेगळं काय झालंय? इंग्रजांनी 1871 चा कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला, 1952 मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिलं बोट कुठल्या पालाकडे जातं ते तुम्हाला माहीत आहे.

रेड लेकचीच एक चिठ्ठी सांगते. त्या दिवशी वर्गात 15 वर्षांचा एक मुलगा हातात नुसती पेन्सिल घेऊन बंदूकवाल्यावर धावून गेला, बाकीच्यांना वाचवायला. त्याला गोळी लागली, पण तो जगला. तोही त्याच रिझर्वेशनचा. शाळेचा गार्ड तर बिनशस्त्र समोर उभा राहिला आणि गेला. ह्या चिठ्ठ्या कोणाच्या लक्षात आहेत?

बरं, शिक्का बघणाऱ्याच्या डोक्यात असतो तसाच तो ज्याच्यावर मारला त्याच्याही आत जातो. स्टेफनी फ्रायबर्ग या टुलालिप नावाच्या मूळ रहिवाशांच्या जमातीतल्या मानसशास्त्रज्ञ, त्यांनी 2008 मध्ये सहकाऱ्यांबरोबर अभ्यास छापला, त्यात नेटिव्ह, म्हणजे मूळ रहिवासी विद्यार्थ्यांना डिस्नेच्या सिनेमातल्या पोकाहोंटस या राजकन्येचं किंवा बेसबॉल टीमच्या चीफ वाहू या पीस खोचलेल्या कार्टूनचं चित्र दाखवलं आणि मग स्वतःबद्दल प्रश्न विचारले. ज्यांना चित्र दाखवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांनी स्वतःची किंमत कमी लावली, आपल्या समाजाची कमी लावली, आणि दुसऱ्या एका प्रयोगात चीफ वाहूसारखी चित्रं बघितलेल्यांनी पुढच्या वर्षी आपण काय होऊ यात अभ्यास-यशाच्या गोष्टी कमी लिहिल्या. पोकाहोंटस तर गोड चित्र आहे ना, त्यात शिवी नाही काही नाही, तरी हे होतं, कारण जगाला आपण एवढ्याच साच्यात दिसतो हे त्या पोराला परत एकदा आठवतं. ज्या समाजाच्या मुलांना घरातून उचलून सरकारी बोर्डिंग शाळांत कोंबलं, 1819 ते 1969 मध्ये अशा 400 च्या वर शाळा होत्या, त्यांच्यासाठी शाळा हा शब्दच आधी जखमेचा आहे, त्यावर हे.

पण यावरून कोणी असं समजू नका की साचा दुखावतो म्हणून मुलं गोळ्या घालतात, तसं कुठलाही अभ्यास सांगत नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शाळांवरचे 37 हल्ले तपासून 2002 मध्ये अहवाल दिला की हल्लेखोर मुलाचं असं एकच चित्र नाहीच. बहुतेक वेळा आधी कोणाला तरी कुणकुण होती, आणि दोन तृतीयांशांहून जास्त मुलांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. रेड लेकमध्येही आजोबा पोलीस होते, त्यांच्या बंदुका त्याने शाळेत नेल्या. म्हणजे बघायचं असेल तर रिझर्वेशनकडे बघण्याआधी घरातलं कपाट बघायला हवं, बंदूक कुलपात आहे का, रिकामी आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का. अशी ठेवलेली असेल तर मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी दिसतात, हे 2005 च्या मोठ्या अभ्यासात आलंय.

24 ऑक्टोबर 2014 ला वॉशिंग्टन राज्यात मेरीसव्हिलच्या हायस्कूलमध्ये असंच घडलं, कॅफेटेरियात, जेवणाच्या टेबलावर. मुलगा 15 वर्षांचा, टुलालिप, म्हणजे फ्रायबर्ग यांच्याच जमातीचा. एकलकोंडा वगैरे अजिबात नाही, आठवड्याभरापूर्वीच शाळेने त्याला होमकमिंग प्रिन्स, म्हणजे शाळेच्या वार्षिक सोहळ्याचा मानकरी, निवडलं होतं. त्याने चौघांना मारलं आणि मग स्वतःला. बंदूक वडिलांची, आणि त्यांना ती मिळायलाच नको होती, कारण जमातीच्या कोर्टाने 2002 मध्ये त्यांच्याविरुद्ध कायमचा संरक्षण आदेश काढला होता. पण तो कागद देशाच्या डेटाबेसमध्ये चढलाच नाही, दुकानात चेक केलं तेव्हा कॉम्प्युटरवर काहीच आलं नाही आणि बंदूक विकली गेली. वडिलांना पुढे शिक्षा झाली. जमातींच्या कोर्टांना आपले आदेश त्या डेटाबेसमध्ये स्वतः टाकता यावेत यासाठी केंद्राच्या न्याय खात्याने कार्यक्रम सुरू केला तो 2015 मध्ये, त्या दिवसानंतर.