सुपरहीरोच्या गड्डीतली अडगळ

रमीत नको असलेलं पान टाकलं की सुटलो. डेक-बिल्डिंग प्रकारच्या खेळात तशी सुटका नाही. टाकलेलं पान तुमच्याच ढिगात पडतं, गड्डी संपली की तो ढीग पिसला जातो आणि तेच पान पुन्हा दारात उभं. प्रत्येकाची गड्डी वेगळी असते. सुरुवातीला ती फुटकळ पानांची असते, मग मधल्या बाजारातून चांगली पानं विकत घेऊन ती आपणच घडवायची. २००८ साली डोनाल्ड एक्स. वॅकारिनो यांच्या 'डॉमिनियन'ने ही कल्पना लोकप्रिय केली. २०१२ साली दोन सुपरहीरो-खेळांनी ती उचलली: क्रिप्टोझोइक कंपनीचा 'डीसी कॉमिक्स डेक-बिल्डिंग गेम' आणि अपर डेक कंपनीचा 'लेजेंडरी', म्हणजे मार्व्हलवाल्यांचा. बॅटमन भारी की वुल्व्हरिन, हा वाद पोरांसाठी सोडू. मला रस आहे तो या दोन गड्ड्यांच्या गणितात.

डीसीमध्ये सुरुवातीला दहा पानं मिळतात. त्यातले सात 'पंच', प्रत्येकाची ताकद १ (ताकद म्हणजे इथे पानं विकत घेण्याचं चलन). उरलेली तीन 'व्हल्नरेबिलिटी', ताकद शून्य, नुसतं ओझं. दर डावाला, म्हणजे आपल्या प्रत्येक पाळीला, पाच पानं हातात येतात. म्हणजे पहिल्या दोन डावांत मिळून सगळी दहा पानं येऊन जातात आणि एकूण ताकद ७ भरते, कुणाचीही. प्रश्न फक्त वाटणीचा. दहातून पाच पानं २५२ प्रकारे निघू शकतात. त्यांपैकी २१० प्रकारांत वाटणी ४ आणि ३ अशी पडते, ४२ प्रकारांत ५ आणि २ अशी. सहातून एकदा एका डावात ५ ताकद हाताशी येऊन महागडं पान लवकर मिळतं, पण दुसऱ्या डावात हातावर हात ठेवून बसावं लागतं. हे ७-३ चं प्रमाण थेट 'डॉमिनियन'मधून आलेलं आहे.

लेजेंडरीत सुरुवातीला बारा पानं असतात आणि हातात सहा येतात. यात निरुपयोगी पान एकही नाही, मात्र चलनं दोन आहेत. शील्ड या मार्व्हलच्या गोष्टींतल्या गुप्तहेर संघटनेचे आठ एजंट भरतीसाठी, म्हणजे नवी पानं विकत घ्यायला, आणि चार ट्रूपर हल्ल्यासाठी. पहिल्या हातात बरोबर दोन ट्रूपर येण्याची शक्यता ९२४ पैकी ४२०, म्हणजे सुमारे ४५ टक्के. इथली अडचण निराळीच. समोर खलनायक उभा आणि हातात सगळे भरतीचे एजंट, किंवा हल्ल्याचं बळ आहे पण मारण्याजोगं कोणी नाही. खिशात पैसे आहेत पण दुसऱ्या देशाचे, तसं काहीसं.

आता खरी गंमत. डीसीची सुरुवातीची गड्डी घ्या. पानागणिक सरासरी ताकद ०.७, म्हणून हाताची सरासरी ३.५. 'किक' नावाचं २ ताकदीचं पान घेतलं की अकरा पानांत ताकद ९ होते आणि हाताची सरासरी ४.१ वर जाते. काहीच विकत न घेता नुसती एक व्हल्नरेबिलिटी नष्ट केली, म्हणजे नुसती न टाकता खेळातूनच कायमची काढली, तर नऊ पानांत ७ उरतात आणि सरासरी ३.९. नवं पान घेऊन जो फायदा होतो, त्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश फायदा घर झाडून मिळाला! तिन्ही काढली तर सरासरी थेट ५.

नियम सोपा आहे: सरासरीपेक्षा दुबळं पान गड्डीला खाली खेचतं. सात पंचांत एक किक आली की सरासरी १ च्या वर जाते, आणि कालपर्यंत कामाचा असलेला पंच त्या क्षणापासून अडगळ होतो. पान तेच, किंमत बदलली. नवखा खेळाडू दिसेल ते पान घेत सुटतो. मग दहा पानांच्या गड्डीत सरासरी दर दुसऱ्या डावाला येणारं त्याचं लाडकं पान पंचवीस पानांच्या गड्डीत सरासरी पाच डावांतून एकदाच तोंड दाखवतं.

डीसीत याला एक उलटी गाठ आहे. हरवलेला खलनायक तिथे तुमच्याच गड्डीत येतो आणि शेवटी गुण मोजायचे ते गड्डीतल्या पानांचेच. लेजेंडरीत हरवलेला खलनायक बाजूच्या विजय-ढिगात जातो, गड्डी जाड होत नाही. मला हे जास्त आवडतं, कारण गुण आणि बळ यांची सरमिसळ होत नाही. शिवाय शहराच्या पाच जागांमधून खलनायक एकमेकांना ढकलत पुढे सरकतात आणि शेवटी पुलावरून निसटतात, त्यामुळे गड्डी कोरत निवांत बसण्याची सोय नाही. मांडामांड मात्र लेजेंडरीची भयंकर. डीसी पाच मिनिटांत सुरू होतो, पाहुण्यांना शिकवायला तोच बरा.

राहिलं पिसणं. गणितज्ञ डेव्ह बायर आणि पूर्वाश्रमीचे जादूगार असलेले गणितज्ञ पर्सी डायाकोनिस यांनी १९९२ साली दाखवलं की ५२ पानांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळला, तर साधारण सात वेळांत नीट पिसला जातो. आपण बहुतेक जण मात्र गड्डी हातात धरून वरून थोडी थोडी पानं सोडत पिसतो, आणि त्या पद्धतीत शेजारची बरीच पानं शेजारीच राहतात. लेजेंडरीत एकाच गटाची, उदाहरणार्थ एक्स-मेन या सुपरहीरो-टोळीची, पानं एका डावात खेळली तर अनेकदा जादा फायदा मिळतो, आणि एकत्र खेळलेली पानं ढिगातही एकत्रच पडतात. आळशीपणे पिसणाऱ्याचे एक्स-मेन त्यामुळे हातात हात घालून परत येतात. आमच्याकडे म्हणूनच प्रत्येकाची गड्डी शेजारचा पिसतो.