काट्यावरचा आकडा आणि गायीचं खरं वजन

मांसासाठी पाळलेल्या दोन गायी काट्यावर चढवल्या. एक भरली ६०० किलो, दुसरी ५२०. पहिली मोठ्या चणीची, असं लगेच ठरवून तिच्याच कालवडी राखल्या जातात. निवड चुकते ती इथे.

अंगावरची चरबी आधी पाहावी. बरगड्या, कमरेच्या मणक्यांची आडवी हाडं आणि शेपटीचं बूड हाताने चाचपून १ ते ९ असा अंगलटीचा गुण देतात. साधारण ५०० किलोच्या गायीत या एका गुणाचा फरक ३५ ते ४५ किलोंचा असतो. वरची ६०० किलोची गाय ७ गुणांची आणि दुसरी ५ गुणांची असेल, तर गुणामागे ४० किलो वजा करून दोघी ५२० वरच येतात! चण सारखीच, फक्त एकीच्या अंगावर चरबी जास्त.

पोटातला चारा-पाण्याचा भारही थोडा नसतो. अर्धा दिवस दोन्ही तोडलं तर ४-५ टक्के वजन उतरतं. वीत जवळ आलेल्या गायीत वासरू, वार आणि गर्भजल मिळून ६० किलोंच्या वर जातात. म्हणून वासरं तोडण्याच्या, म्हणजे आईच्या दुधापासून वेगळी करण्याच्या सुमारास, गर्भ लहान असताना, दिवसाच्या एकाच ठरलेल्या वेळी आणि वैरण टाकण्याआधी वजन घ्यावं. शेजारी वय आणि गुण लिहावा. गाय चार-पाच वर्षांपर्यंत वाढतच असते, त्यामुळे पहिलारू गायीची तुलना पहिलारूंशीच करावी.

एवढं वजा केल्यावर उरलेल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे: पूर्ण वाढलेल्या गायींत साधारण ४० ते ५० टक्के. याचा अर्थ एका गायीचं निम्मं वजन जनुकांचं, असा मुळीच नाही. एकाच कळपात, सारख्या व्यवस्थेत राहणाऱ्या गायींमधल्या फरकाचा हा हिशेब आहे. वासरू तोडतानाच्या वजनात हा वाटा बराच कमी, कारण तिथे आईचं दूधही बोलतं.

भराभर वाढणाऱ्या वासरांचे वळू पिढ्यान्‌पिढ्या निवडले की गायीही थोराड होत जातात, कारण वर्षाच्या वासराची वाढ आणि प्रौढ वजन यांची जनुकं बरीचशी एकच आहेत. वजन २० टक्के वाढलं की नुसतं जगण्यापुरत्या खाद्याची गरज सुमारे १५ टक्के वाढते. कुरण भरघोस असेल तर हे पेलतं. चारा तुटपुंजा असेल तर थोराड गाय आधी अंगावरची चरबी जाळते, मग व्यायल्यावर उशिरा माजावर येते. अशा रानासाठी वळू निवडताना त्याच्या लेकींचं प्रौढ वजन पाहावं.