चित्र हासुईचं, हात अनेकांचे

टोकियोच्या झोजोजी मंदिराचा लाल दरवाजा, धो धो बर्फ, छत्री सावरत चाललेली बाई. जपानी चित्रकार कावासे हासुईचं १९२५चं हे चित्र फिरतं ते ‘चित्रकाराने स्वतः लाकडात कोरून छापलेलं’ म्हणून. तसं नाही. हासुईने रेखाटन केलं, रंग ठरवले. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. पैसा आणि देखरेख प्रकाशक वातानाबे शोझाबुरोची. पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून थेट त्यावरूनच कोरत, म्हणजे ते रेखाटन तिथेच संपायचं! पुढे रंगांसाठी वेगळ्या फळ्या, कोपऱ्यातल्या खाचेत कागद बसवायचा, पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या चपट्या गोल चकतीने हाताने घासायचं. यंत्र नाहीच. एकोणिसाव्या शतकातल्या हिरोशिगे या चित्रकाराची देवळांची चित्रंही अशाच वाटणीतून आली. सगळं एकहाती करणारे ‘सोसाकु हांगा’वाले होते, पण तो पंथ निराळा.